कोऱ्या कागदावरची सही

आमच्या घरात एका म्हाताऱ्याच्या तब्येतीची फार काळजी घेतली जाते. तो आमचा कोणी लागत नाही. पण त्याला साधा खोकला झाल्याचं कळलं तरी ताई हातातली पक्कड खाली ठेवून मला म्हणते, "औषध घेतलं का विचारून ये." जिन्यावरून पाय घसरेल म्हणून त्याच्या दारासमोरचा दिवा तिने स्वतःच्या हाताने बदलला. शेजारीपाजारी म्हणतात, वायरमनबाई वरून तिखट दिसते, पण मनाने लोणी आहे. कसलं लोणी! तो इतक्यात मरता कामा नये, एवढंच आमचं म्हणणं आहे.

वायरमनबाई म्हणजे माझी थोरली बहीण. मी धाकटी, कपडे शिवते. आमच्या दोघींत तोंडाळ मी आणि मनात ठेवणारी ती, असं आई म्हणायची. मी भांडते आणि संध्याकाळपर्यंत विसरते. ताई भांडत नाही. ताई लक्षात ठेवते.

आमचे बाबा परवाना असलेले वायरमन. आमचं दोन खोल्यांचं घर म्हणजे त्यांच्या कामाचा नमुनाच होता. आजोबांच्या वेळची फिटिंग चिनी मातीच्या गुटक्यांवरची: भिंतीवर दर हातभर अंतरावर पांढरे गुटके आणि त्यांत पकडलेल्या दोन उघड्या वायरी. बाबांनी माजघरात ती काढून लाकडी पट्टी मारली, पट्टीवर क्लिपा ठोकून त्यात वायर बसवली. स्वयंपाकघरात झाकणाची पट्टी केली, म्हणजे खालच्या खाचेत वायर आणि वर झाकण, वाफ आत जायला नको म्हणून. मोरीजवळ भिंतीवरून पाइप घेतला. फक्त भिंतीच्या आतून पाइप घालायची फिटिंग आमच्या घरात नव्हती. ती ते बाहेर करायचे, आणि उत्तम करायचे, पण घरात नाही.

"उघड्या फिटिंगमध्ये कारागिराची लबाडी पहिल्या दिवशी दिसते," ते म्हणायचे. "भिंतीत पुरलेली लबाडी उकरावी लागते."

ताई तेव्हा एकवीस वर्षांची होती. तिला हे सगळं ऐकायचा कंटाळा यायचा. पुढे तिने तेच वाक्य बावीस वर्षं उराशी धरलं.

गावात, म्हणजे आमच्या वस्तीच्या टोकाला, एका कंत्राटदाराने चार मजली इमारत बांधायला घेतली. फिटिंग बाबांकडे. अशा कामात स्लॅब ओतायच्या आधी लोखंडी सळयांमध्ये पाइप बांधून ठेवावे लागतात, त्यांची तोंडं नीट बुजवावी लागतात, आणि मग कामगारांनी त्यावर नाचू नये म्हणून डोळ्यांत तेल घालून उभं राहावं लागतं. बाबा तीन स्लॅबना उभे राहिले. चौथ्याच्या दिवशी कंत्राटदाराने त्यांना सामान आणायला पाठवलं आणि ते परत यायच्या आत स्लॅब ओतून मोकळा झाला. तिसऱ्या मजल्याच्या छतातला एक पाइप कोणाच्या तरी पायाखाली निखळला आणि त्यात सिमेंटचं पाणी शिरलं. महिनाभराने बाबा वायर ओढायला गेले तेव्हा स्वयंपाकघराच्या बोर्डाकडे जाणारा रस्ता बंद.

अशा वेळी बाबांची एक पद्धत होती. वायर ओढण्यासाठी ते आधी पाइपातून बारीक लोखंडी तार घालायचे. ती जिथे अडेल तिथे ती परत काढायची नाही. बाहेरच्या टोकाचा आकडा करायचा, त्यावर लाल टेपचे तीन वेढे द्यायचे आणि बॉक्समध्ये तशीच सोडायची. मागून येणाऱ्या कारागिराला कळावं, इथे रस्ता बंद आहे, जोर लावू नकोस. त्यांनी तार सोडली आणि कंत्राटदाराला जाऊन सांगितलं, "भिंत फोडावी लागेल. नवा पाइप टाकतो, दोन दिवसांचं काम."

"प्लास्टर झालंय, मिस्त्री. लोक सामान घेऊन दारात उभे आहेत. तू जा दुसऱ्या कामावर, मी बघतो."

त्याने बघितलं. कसं, ते बाबांना कळलं नाही, कारण त्यांना दुसऱ्या दिवसापासून गावाबाहेरच्या गोदामावर पाठवलं होतं. आणि आता ती गोष्ट सांगते जी सांगताना माझे अजून हात शिवशिवतात. काम पुरं झालं की वायरमनने सगळी फिटिंग तपासून टेस्ट रिपोर्टवर सही करायची असते, मगच मीटर लागतो. पण कंत्राटदार लोक काम सुरू व्हायच्या आधीच कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन ठेवायचे. विजेचं ऑफिस लांब, साहेब जागेवर नसतो, फेऱ्या कोण मारणार! सगळेच वायरमन देत. आमच्या बाबांनीही दिली होती. कसबी माणसांचा हा एक वेडेपणा असतो. स्वतःच्या कामावर इतका भरवसा असतो की कागदाकडे बघायची गरजच वाटत नाही.

राहायला येऊन चार महिने झाले आणि तिसऱ्या मजल्यावरच्या बाई ओल्या हाताने स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून वरचा डबा काढायला गेल्या. भिंतीतच करंट होता. जीव वाचला, पण उजवा हात कोपरापासून निकामी झाला. त्या तेव्हा तिशीच्याही नव्हत्या.

चौकशी झाली. भिंत फोडून आत काय आहे ते कोणी बघितलं नाही, बोर्डापाशी लाइन तोडून टाकली आणि वरून पट्टी मारून नवी दिली. कागद होता ना! ताई बाबांबरोबर गेली होती, म्हणून मला शब्द न् शब्द माहीत आहे. साहेबाने फॉर्म पुढे सरकवला.

"ही सही तुमची?"

"हो, पण साहेब, वरचं मी..."

"सही तुमची आहे ना? मग प्रश्न मिटला."

कंत्राटदार शेजारच्या खुर्चीत बसला होता. त्याने कानांवर हात ठेवले. इतकंच नाही, वर म्हणाला, "मी किती वेळा सांगितलं यांना, नीट तपासा म्हणून." बाबांचा परवाना गेला. त्यानंतर बाबांनी टेस्टर हातात धरला नाही. घरातला दिवा गेला तरी ते ताईला हाक मारायचे. खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचे, आणि त्या बाई रस्त्याने जाताना दिसल्या की आत यायचे. एकदा त्या बाईंनी आमच्या दारासमोर उभं राहून, डाव्या हाताने उजवा हात उचलून दाखवत, बाबांना नाही नाही ते ऐकवलं. बाबा खाली मान घालून ऐकत राहिले. मी उत्तर द्यायला धावले तर त्यांनी माझा दंड धरला. "ऐकून घ्यायचं. मी न बघता सही केली."

त्याच आठवड्यात ताईने आपलं कॉलेज सोडलं आणि वायरमनच्या वर्गात नाव घातलं. वर्गात ती एकटी मुलगी. मुलांनी हसून घेतलं, शिकवणाऱ्यांनीही घेतलं. तिने परवाना काढला, कामं धरली, शिडीवर चढून चढून गुडघे खराब करून घेतले. लग्नाची स्थळं आली तशी गेली. एकजण तर म्हणाला, बायकोने घरचे फ्यूज बदलावेत, लोकांचे नाही. ताईने त्याला चहा पाजून वाटेला लावलं. परवाना मिळाला त्या दिवशी तिने एक नवी छिन्नी आणली होती. ती कधी वापरली नाही. दर काही महिन्यांनी तेल लावून, फडक्यात गुंडाळून पेटीच्या तळाशी ठेवायची. मी विचारलं, "ही कशासाठी?"

"एक भिंत आहे," ती म्हणाली.

मला वाटलं होतं, वयाबरोबर राग निवेल. बाबांचा निवला, आईचा तर आईबरोबरच गेला. ताईचा नाही. मी विचारलं की म्हणायची, "ती इमारत कधीतरी जुनी होईलच."

झाली. बावीस वर्षांनी वायरी कडक पडल्या, बोर्ड तापायला लागले, आणि सगळ्या इमारतीची फिटिंग नव्याने करायची ठरली. वस्तीत चोख काम म्हणजे वायरमनबाई, म्हणून लोकांनी तिलाच बोलावलं. कंत्राटदार त्याच इमारतीत तळमजल्यावर राहत होता, इमारतीच्या कमिटीचा अध्यक्षही तोच. वय सत्त्याहत्तर, पांढरा सदरा तसाच कडक इस्त्रीचा. ताई कोणाची मुलगी, हे त्याला माहीत नव्हतं. त्याने कधी बाबांच्या घराची चौकशीच केली नव्हती, तर मुलीची कुठून करणार?

"भिंती फोडू नका," तो म्हणाला. "सगळीकडे वरून पट्टी मारा. स्वच्छ, झटपट."

"चालेल साहेब," ताई म्हणाली. "एकच भिंत फोडावी लागेल. तिसरा मजला, स्वयंपाकघर. ओल आहे आत."

त्याने नाही म्हटलं. ताईने कमिटीच्या बाकीच्या लोकांना त्या भिंतीवर हात ठेवून बघायला सांगितलं. ओल खरीच होती. लोकांनी हो म्हटलं.

त्या दिवशी सकाळी तिने मलाही नेलं. शिडी धरायला, असं म्हणाली; पण मला माहीत होतं, तिला घरचं माणूस समोर हवं होतं. कमिटीतले दोघे होते. कंत्राटदार अध्यक्ष म्हणून काठी टेकत वर आला होता. त्या बाई दाराच्या चौकटीत उभ्या होत्या, निकामी हात पदराखाली. ताईने पेटीच्या तळातून छिन्नी काढली, फडकं सोडलं, घडी करून खिशात ठेवलं. मग बोर्डाच्या वर वीतभर अंतरावर पहिला घाव घातला.

प्लास्टर पडलं आणि आत पाइप नव्हता. पिवळी वायर होती, बांधकामाच्या वेळी कामगारांच्या शेडमध्ये दिव्यासाठी लटकवतात तसली, प्लास्टरला नुसती चीर पाडून पाइपशिवाय सरळ सिमेंटमध्ये दाबलेली. मध्येच एक जोड. भिंतीत जोड देतच नाहीत, जोड बॉक्समध्ये असतो, आणि त्यावर टेप असते. या जोडावर सिमेंटच्या गोणीचा फाडलेला तुकडा गुंडाळला होता. कोणीतरी गवंड्याने हातात सापडेल ते बांधून वरून थापी मारली होती.

ताई तिथे थांबली नाही. ती छताजवळच्या बॉक्सचं झाकण उघडायला शिडीवर चढली. त्यावर रंगाचे चार थर बसले होते, ते खरवडले. झाकण निघालं. आत गंजलेल्या बारीक तारेचा आकडा होता आणि त्यावर लाल टेपचे तीन वेढे.

बावीस वर्षं बाबा त्या अंधाऱ्या डबीत बसून सांगत होते, इथे रस्ता बंद आहे, आणि ऐकायला कोणी नव्हतं.

ताईने खाली उतरून सगळ्यांना समजावलं. कोणता पाइप, कुठे बुजला, तार कोणी सोडली, आणि ही वायर त्या माणसाची का असू शकत नाही. आवाज चढवला नाही. शेवटी कंत्राटदाराकडे वळून म्हणाली, "ज्या मिस्त्रीला तुम्ही गोदामावर पाठवलंत, मी त्यांची थोरली."

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. काठी सावरत तो म्हणाला, "इतक्या वर्षांपूर्वीचं कोणाला आठवतंय?"

"मला," दारातून बाई म्हणाल्या.

त्या दिवशी संध्याकाळी त्या आमच्या घरी आल्या. बाबा खुर्चीतून उठून आत जायला लागले. बाईंनी त्यांना अडवलं. "बसा दादा. मी बावीस वर्षं चुकीच्या माणसाला शिव्या घातल्या." मग त्या रडल्या, आणि बाबाही रडले. ताई स्वयंपाकघरात चहाचं आधण बघत उभी होती. तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हता. तिचं काम संपलं नव्हतं.

ती पुढे चौकशीच्या ऑफिसात गेली. तिथला साहेब भला होता, पण म्हणाला, "वायर चुकीची आहे हे दिसतंय. ती कोणी घातली, हे वायर सांगत नाही. कंत्राटदाराने लिहून दिलं तर मी फाइल उघडतो. तुमच्या वडिलांचं नाव निघेल त्यातून."

मग ताईने भिंत उघडीच ठेवली. बाकी सगळी इमारत पुरी केली, ती भिंत सोडून. बाई येईल जाईल त्याला ती दाखवायच्या, डाव्या हाताने. कंत्राटदाराच्या मुलाने नवीन मोठं काम धरलं होतं, वडिलांच्याच नावाची पाटी लावून, आणि तिथे घर घेऊ पाहणारे लोकसुद्धा ती भिंत बघून गेले. तिसऱ्या आठवड्यात कंत्राटदाराने आम्हा दोघींना खाली बोलावलं.

"लिहून देतो," तो म्हणाला. "पण भिंत बुजव."

ताईने कागद आणि पेन पुढे ठेवलं. तो दोन शब्दांत तीनदा अडला, कागद चुरगळला, दुसरा घेतला. मग वैतागून त्याने खाली सही ठोकली, स्वच्छ, वळणदार, आयुष्यभराच्या सवयीची. "वरचा मजकूर तू घाल. काय ते तुला माहीतच आहे. मला बसवत नाही आता."

मी ताईकडे बघितलं. ताईने कागद उचलला, फुंकर मारून शाई वाळवली आणि पेटीत ठेवला. त्या दुपारी तिने भिंत बुजवून दिली.

घरी येऊन तिने कागद बाबांसमोर धरला. "सांगा बाबा, काय लिहू? उद्याच साहेबाकडे देते."

बाबांनी चष्मा लावला. कोरा कागद आणि तळाशी ती सही त्यांनी बराच वेळ पाहिली. मग ते हसले. मी त्यांना असं हसताना कधी पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला जरा भीतीच वाटली.

"काही लिहू नकोस," ते म्हणाले.

"बाबा, तुमचं नाव निघेल! त्यासाठीच तर मी..."

"ज्या एका माणसाला सांगायला हवं होतं, त्या बाईंना कळलं. बाकी मला ज्यांनी नावं ठेवली त्यातले अर्धे गेले. आता नाव धुऊन कोणाला दाखवू?" त्यांनी कागदाची घडी घालून ताईच्या हातात दिली. "माझ्या सहीच्या वर त्याने लिहिलं, आणि माझं एका दिवसात आटोपलं. त्याचं आटोपू नये. कोरा राहू दे. फक्त कोरा आहे हे त्याला कळत राहू दे."

बावीस वर्षं ताईने ज्यासाठी घालवली, ते बाबा नको म्हणत होते. ती परसात जाऊन बराच वेळ बसली. आली तेव्हा म्हणाली, "ठीक आहे." आणि त्या रात्री जेवताना प्रथमच तिने बाबांच्या पुढ्यात तो जुना टेस्टर ठेवला. बाबांनी तो उचलून खिशाला लावला.

चार दिवसांत कंत्राटदाराला उमगलं की आपण काय केलं. मुलगा आला, मजकुराची नक्कल मागायला. ताई म्हणाली, "अजून लिहिलं नाही." पुढच्या महिन्यात इमारतीचं अर्थिंग तपासायला गेली, तेव्हा तो दारातच उभा. "लिहिलंस?" "नाही. तारीखसुद्धा टाकली नाही." त्याच्या पाचावर धारण बसलेली मला दिसली. कोऱ्या कागदावर घर लिहिता येतं, धंदा लिहिता येतो, एखाद्याचा जीव लिहिता येतो. हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक? तो आयुष्यभर तेच करत आला होता. अध्यक्षपद त्याने सोडलं. मुलाच्या पाटीवरचं त्याचं नावही उतरलं. दर महिन्याला ताई जायची, तो विचारायचा, ताई सांगायची, आणि घरी येऊन बाबांना सांगायची. बाबा त्या दिवशी एक पोळी जास्त खायचे. मला वाईट वाटलं का, असं कोणी विचारलं तर सांगते: नाही. अजिबात नाही.

बाबा मागच्या महिन्यात गेले, झोपेतच. टेस्टर खिशाला होता. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई शेवटपर्यंत त्यांच्या उशाशी बसल्या होत्या.

काल ताई इमारतीत गेली, मीही बरोबर होते. कंत्राटदार खुर्चीतून उठला, उठताना दोनदा बसला. सदऱ्याला इस्त्री नव्हती.

"मिस्त्री गेले कळलं," तो म्हणाला. "आता तरी संपव. काय वाटेल ते लिही. मी चोर आहे म्हणून लिही, खुनी लिही, मुलासमोर वाचून दाखव. पण लिही ग बाई. मला झोप नाही."

ताईने पेटी उघडली. कागद काढून टेबलावर पसरला, पेनाचं टोपण काढलं. तो पुढे वाकला. त्याचा श्वास मला ऐकू येत होता. ताईने सहीवर बोट ठेवलं.

"ही सही तुमची?"

"हो, हो, माझीच."

"मग प्रश्न मिटला," ताई म्हणाली. तिने कागदाची घडी घातली, पेटी बंद केली, आणि मीटर बघायला जिन्याखाली गेली.